‘थांब’ म्हणणाऱ्याला पहिला चहा

मास्तर,

तुम्ही गेलात त्याला आज आठ दिवस झाले. तिसऱ्याला मी लातूरला आलो होतो. अंगणात तुमचे सोयरे, जुने ओव्हरसियर, ऑफिसातले पेन्शनर बसले होते, सगळ्यांचे डोळे लाल. मी मात्र शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भाकरी पोटभर खाल्लं आणि वर ठेचा मागून घेतला. तुमची सुनंदा माझ्याकडं बघतच राहिली. बाबांचा एवढा जवळचा माणूस आणि याला भूक कशी लागते, असं तिला वाटलं असणार. तिला काय सांगू? मला सुटल्यासारखं वाटत होतं. तुम्ही गेलात म्हणून नव्हे, तुम्ही जायच्या आधी आपलं बोलणं झालं म्हणून. महिनाभर आधी गेला असतात तर चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तशीच माझ्या पोटात राहिली असती. मग मी तिसऱ्याला आलोच नसतो, काहीतरी निमित्त काढून नांदेडलाच बसलो असतो.

तुम्हाला ‘मास्तर’ हे नाव रशीदभाईनं लावलं. तुमचा शाळेशी काडीचा संबंध नव्हता. तुम्ही आमच्या हातपंप दुरुस्ती पथकाचे ओव्हरसियर. पण तुम्ही आम्हाला अंगणात उभं करून धडे द्यायला लागलात आणि रशीदभाई ट्रकच्या केबिनमधून ओरडला, “चलो रे, मास्तर की घंटी हो गई.” त्या दिवसापासून साहेबाचे मास्तर झालात. तुम्हालाही ते आवडलं होतं. आवडलं नाही असं दाखवायचात, तेवढंच.

नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. लातूरला जुन्या जिल्ह्यातून माणसं वाटून द्यायची होती. भाऊ वेगळे निघाले की थोरला धाकट्याला पोचे पडलेली भांडी देतो, तशी आमची वाटणी झाली. शिवाप्पा निलंग्याकडचा मेकॅनिक, अर्धं कानडी बोलणारा, दोन साहेबांशी भांडून आलेला. रशीदभाई चांगला ड्रायव्हर, पण चांगलं हॉटेल दिसलं की ट्रक आपोआप थांबायचा. मी आयटीआय झालेला फिटर, ‘प्रश्न फार विचारतो’ असा शेरा घेऊन आलेला. आणि तुम्ही कुठल्याच साहेबाच्या गटात नव्हतात म्हणून इकडं फेकलेले. भाड्याच्या गोदामात ऑफिस. खुर्च्या चार आणि माणसं नऊ. शिवाप्पाला माझा आयटीआयचा दाखला खुपायचा आणि मला त्याचा “मी पंप पोटातनं शिकून आलोय” हा तोरा. कामाला एकत्र जायचो पण ट्रकमध्ये एकमेकांशी बोलायचो नाही. याला कोणी पथक म्हणत असेल तर एसटीतल्या प्रवाशांनाही पथक म्हणायला हरकत नाही.

त्यात दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, आणि जो तो हातपंपाच्या भोवती गोळा झाला. पंप दिवसरात्र हापसला की त्याचे वॉशर झिजतात, सळ्या तुटतात. रोज चार-पाच गावांची माणसं गोदामाच्या दारात बसलेली असायची. तुम्ही कुणालाच नाही म्हणायचा नाहीत. आम्ही थकून मेलो तरी म्हणायचा नाहीत.

त्या गावाचं नाव मी आजही घेत नाही. निलंग्याच्या पलीकडचं एक गाव, एवढं पुरे. गावात तीन पंप, दोन कोरडे पडलेले, तिसऱ्याला पाणी होतं पण सळी तुटली होती. आम्ही पोचलो तेव्हा बायकांची ओळ रस्त्यापर्यंत आली होती. घागरी, हंडे, प्लास्टिकचे डबे. मी क्लॅम्प घेऊन पुढं झालो, कारण क्लॅम्पवर मी, ही माझी जागा. बोअरमधले पाइप वर ओढताना ते पुन्हा खाली घसरू नयेत म्हणून तोंडाशी तो लोखंडी क्लॅम्प आवळावा लागतो. तो नीट बसला नाही तर सगळे पाइप तळाला जातात आणि बोअर संपतो.

गावातल्या एका म्हाताऱ्यानं मला आडनाव विचारलं. मी सांगितलं, ताठ मानेनं सांगितलं. त्यांच्यात कुजबुज झाली. मग दोघं-तिघं तुमच्याजवळ आले. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं, आणि मला ऐकू यावं म्हणूनच ते तसं बोलले. पंपाला त्याचा हात लागू देऊ नका. तुम्ही बायकांच्या ओळीकडं बघितलंत, उन्हाकडं बघितलंत आणि मला म्हणालात, “गौतम, तू जरा गाडीपाशी थांब. आत्ता वाद घालाया वेळ न्हाई.”

मी गाडीपाशी थांबलो. माझ्या जागी गावातल्याच एका जवान पोरानं क्लॅम्प आवळला. दहा पावलांवरून मला दिसत होतं की क्लॅम्प तिरका बसलाय, एका बाजूचा नट नुसता टेकलाय. शिवाप्पाची पाठ तिकडं होती. तुम्ही वर पुलीकडं बघत होतात. तोंड उघडायला मला एक क्षण पुरला असता. मी तोंड उघडलं नाही. आणि आधी क्लॅम्प सुटल्याचा आवाज झाला, मग बोअरच्या पोटात पाइप जाताना होतो तो लांबत जाणारा आवाज. एक बाई “गं बाई” म्हणून खालीच बसली.

दोन दिवस आपण हूक टाकून पाइप शोधत बसलो. निघाले नाहीत. नवा बोअर पाडायच्या मशिनची पाळी त्या गावाला उन्हाळाभर आली नाही. चौकशी झाली तेव्हा तुम्ही लिहून दिलंत, ‘देखरेखीची चूक माझी.’ ठपका तुमच्या नावावर आला आणि तुमची बढती कितीतरी वर्षं मागं पडली. शिवाप्पा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसला, म्हणाला, “मी वळून बघाया पाहिजे होतं. माझं लक्ष इल्ला, नव्हतंच.” आणि मी, ज्याला सगळं दिसलं होतं, त्याला “जाऊ द्या” म्हणालो. मास्तर, त्या ‘जाऊ द्या’ची मला आजही लाज वाटते.

पुढच्याच सोमवारपासून तुम्ही ते सुरू केलंत. गोदामाच्या अंगणात एक कोरडा बोअर होता. त्याच्यावर तुम्ही एक जुना पंप बसवलात आणि दर सोमवारी सकाळी आम्ही तो सगळा उतरवायचा, पाइप काढायचे, पुन्हा बसवायचे. प्रत्येक सोमवारी जागा बदलायच्या. रशीदभाई क्लॅम्पवर, शिवाप्पा कागद लिहायला, मी पुलीवर, तुम्ही स्वतः सळ्या पुसायला. बाहेर दुष्काळानं माणसं वणवण करतात आणि हे सरकारी लोक कोरड्या बोअरवर पंप पंप खेळतात, असं सगळा रस्ता हसायचा. एका मोठ्या साहेबानं तर तुम्हाला बोलावून झापलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पुढच्या सोमवारी पुन्हा आम्हाला उभं केलंत.

त्या खेळात तुमची एक खोड होती. कुठंतरी एक चूक तुम्ही मुद्दाम सोडायचात. नट अर्धा, साखळीची पिन उलटी, कधी काहीच नाही. ज्याला शंका येईल त्यानं ‘थांब’ म्हणायचं. कोणीही, कोणालाही. ‘थांब’ म्हटलं की सगळ्यांनी हात जिथल्या तिथं ठेवायचे आणि का म्हणून विचारायचं नाही, आधी बघायचं. आणि ‘थांब’ म्हणणाऱ्याला पहिला चहा. चूक निघाली तरी पहिला, नाही निघाली तरी पहिलाच. शिवाप्पा भांडला होता, “चूक नसताना थांबवलं तर चहा कशाचा?” तुम्ही म्हणालात, “बोलायचा. चूक मी शोधीन, तू फकस्त बोल.” मग काय, पहिल्या महिन्यात रशीदभाईनं चहासाठी दर पाच मिनिटाला काम थांबवलं. “थांबो मियाँ, मेरे कू शक है.” तुम्ही प्रत्येक वेळी त्याला कप दिलात. दुसऱ्या महिन्यात तो कंटाळला आणि मग त्याला खरी शंका यायला लागली. साखळीची उलटी पिन सगळ्यात आधी त्यानंच पकडली, आणि त्या दिवशी चहा थंड होईपर्यंत तो त्या पिनेकडंच बघत बसला होता.

मला मात्र वर्षभर ‘थांब’ म्हणता आलं नाही. अंगणात म्हणता यायचं, कोरड्या बोअरवर. खऱ्या कामावर शब्द बाहेर पडायचा नाही, कारण तो मी एकदा गिळला होता.

मग औशाकडच्या एका गावात तोच प्रसंग पुन्हा आला. तेच आडनाव विचारणं, तीच कुजबुज. माझे पाय आपोआप गाडीकडं वळले होते. तुम्ही शिवाप्पाला म्हणालात, “सामान गाडीत टाक.” गावकरी म्हणाले, साहेब, पाणी? तुम्ही म्हणालात, “पथक आलं तर सगळं येतं. न्हाई तर न्हाई.” शिवाप्पानं खरंच पाना उचलून ट्रकमध्ये फेकला, रशीदभाईनं इंजिन चालू केलं. बायकांनीच त्या माणसांना बाजूला सारलं. मी क्लॅम्पवर बसलो. तुम्ही पाइप ओढत होतात, आणि मला वाटलं की क्लॅम्प हलला. मी ओरडलो, “थांब.” मास्तर, मी तुमच्यावर एकेरीत ओरडलो, सगळ्या गावासमोर. तुम्ही थांबलात. बघितलं तर क्लॅम्प पक्का होता, काहीसुद्धा झालेलं नव्हतं. गावातले हसले. तुम्ही घाम पुसला आणि म्हणालात, “चहा कोण आणतंय? गौतमला आधी.” मी त्या दिवशी घरी जाऊन रडलो ते तुम्हाला माहीत नाही. कदाचित माहीत असेलही.

आपलं खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. मी म्हणायचो, मास्तर, हे तुमच्यापुरतं आहे. तुमची बदली झाली की चहाही बंद आणि ‘थांब’ही बंद. ऑफिस बदलायचं तर कागद बदला. कामाच्या फॉर्मवर एक रकाना घाला, ‘काम कोणी थांबवले व का’. तुम्ही म्हणायचात, कागदावर आलं की माणूस बोलत नाही, सही करतो. तरी माझ्या हट्टानं तुम्ही तो रकाना मंजूर करून आणलात, सगळ्या पथकांसाठी. मला वाटलं, झाली सुधारणा. तुमची बदली झाली. दोन वर्षांनी मी दुसऱ्या पथकांचे फॉर्म चाळले. त्या रकान्यात प्रत्येक महिन्याला एकच शब्द, ‘निरंक’. म्हणजे तुमचंच खरं झालं. पण आमच्या पथकात तुम्ही गेल्यावरही सोमवार चालू राहिला आणि नवीन आलेल्या पोरांना तो रकाना दाखवूनच आम्ही सुरुवात करायचो, म्हणजे माझंही खरं झालं. हे भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

परवाच्या दिवाळीत सुद्धा फोनवर तेच. माझ्या सुनेच्या बँकेनं सगळ्यांना नांदेडच्या एका हॉटेलात टीम ट्रेनिंगला नेलं होतं. तिथं गोलात बसून एकमेकांकडं लोकरीचा गुंडा फेकायचा, धागा सगळ्यांच्या हातात, म्हणजे आपण सगळे जोडलेले. मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही खोकेपर्यंत हसलात. म्हणालात, “आपल्या रशीदच्या हातात गुंडा दिला असता तर त्यानं मफलर मागितला असता.” मग गंभीर झालात. “मॅनेजर चुकला तर त्याला थांब म्हणायचं शिकवलं का तिथं?” सुनेला विचारलं. ती म्हणाली, नाही, तसं काही नव्हतं.

गेल्या महिन्यात सुनंदाचा फोन आला की डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. मी दुसऱ्या दिवशी लातूरला आलो. तुम्ही खाटेवर, उशीला टेकून. सुनंदा औषधं आणायला गेली तेव्हा मी खाली मान घालून बोललो. घोकून आलो होतो.

“मास्तर, त्या गावात क्लॅम्प तिरका बसलेला मला दिसला होता.”

“हाव.”

“मी बोललो न्हाई.”

“हाव.”

“भ्यालो म्हणून न्हाई. राग आला होता. म्हणलं, पडू दे.”

तुम्ही म्हणालात, “ठाऊक हाय मला. पाइप पडले तवा सगळे बोअरकडं बघायले होते. तू माझ्याकडं बघायलास.”

मी विचारलं, मग इतक्या वर्षांत एकदाही का बोलला नाहीत?

“काय तोंडानं बोलू? गाडीपाशी उभं मी केलं तुला. ते सगळं, थांब अन् चहा, तुला बोलतं कराया काढलं असं तुला वाटत असंल. मला थांबवणारं कोणीतरी पाहिजे होतं म्हणून काढलं. त्या दिवशी मला कोणी थांबवलं न्हाई.” आणि मग म्हणालात, “माफ केलास का न्हाई, तेवढं सांग.”

मी चपला घातल्या आणि “बघू” म्हणून निघून आलो.

हो, निघून आलो. बसमध्ये रागानं माझे कान तापले होते. चाळीस वर्षं मी स्वतःला खात होतो आणि या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चार दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. शेवटी माझी बायको शांता म्हणाली, “तुमच्या दोघांत आधी कोण जातंय याची वाट बघायलाव का?” पाचव्या दिवशी पहाटेची पहिली बस पकडली. लोह्याला बस पंक्चर झाली तेव्हा मी ड्रायव्हरला मदत करायला खाली उतरलो, इतकी मला घाई होती. तुम्ही असाल की नसाल, हाच एक विचार.

तुम्ही होतात. पण त्या चार दिवसांत कान गेले होते. मी खाटेशेजारी बसून म्हणालो, “मास्तर, चूक तुमचीच होती. अन् मी माफ केलं.” तुम्ही कानामागं हात धरलात. “काय?” मी पुन्हा म्हणालो. “मोठ्यानं बोल, ऐकू येत न्हाई.” तिसऱ्यांदा मी असा ओरडलो की सुनंदा कणकेच्या हातानं पळत आली. काय झालं म्हणून विचारायला लागली. तुम्ही म्हणालात, “काय न्हाई, जुनी भांडणं करायलाव.” आणि हसलात. मला अजून वाटतं, पहिल्यांदाच ऐकू आलं होतं तुम्हाला.

पण मास्तर, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, कारण ती तुम्ही गेल्यावर घडली. म्हणून हे लिहायला बसलो.

तिसऱ्याहून मी सरळ नांदेडला गेलो नाही. निलंग्याची बस धरली, तिथून जीपनं त्या गावाला गेलो. आपण दोघांनी एकमेकांना माफ करून टाकलं, पण ज्यांनी उन्हाळाभर लांबून पाणी वाहिलं त्यांना कोणी विचारलं होतं? बोअरच्या जागी आता सिमेंटचा ओटा आहे. गाव बदललंय, घरोघर नळ आहेत. मी आमच्या वस्तीत गेलो. दारात एक म्हातारी तूर निवडत बसली होती, सोजरबाई तिचं नाव. मी तिला सगळं सांगितलं. क्लॅम्प, नट, माझा राग, तुमचं ‘गाडीपाशी थांब’, काही ठेवलं नाही.

ती निवडायची थांबली. “त्या उन्हाळ्यात ओली बाळंतीण होते मी. दीड कोसावरनं घागर आणली. तुझ्यामुळं व्हय रे?”

“हाव मावशी. माझ्यामुळं अन् आमच्या मास्तरांमुळं.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “गाडीपाशी उभा केला होता, तो तूच का?”

“हाव.”

“मग ऐक,” ती म्हणाली. “तुला बाजूला काढलं तवा आमच्या वस्तीची दहा-बारा माणसं रस्त्याच्या पल्याड उभी होती. मी बी होते, दिवस भरलेली. आमचाच पोरगा अन् आमच्यादेखत. कोणी ब्र काढला न्हाई. म्हणलं, आधी पाणी येऊ दे. आम्ही बी गपच होताव की.” आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, “मी बी हे कोणाला बोलले न्हाई आजवर.”

मी पाणी मागितलं. तिनं नळाखाली धरून तांब्या भरून दिला. पाणी गोड होतं. एक प्यालो, आणि अजून एक मागितला. “एवढी तहान?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “दुसरा आमच्या मास्तरांच्या वाटचा.” तिनं तो काठोकाठ भरून दिला.